उभी वस्तू कोलमडते तेव्हा: टोकाचा वेग, हवेत मोडणारी गिरणीची चिमणी आणि भिंतीला न बांधलेलं कपाट

ओळंबा (धागाकर्ता)

१० मीटरचा सरळसोट खांब बुंध्यावर कलंडून आडवा झाला. दुसरीकडे १० मीटरवरून एक दगड सोडला. जमिनीला टेकताना वेग कोणाचा जास्त? बहुतेकांचं उत्तर 'सारखाच' असतं, कारण उंची सारखी आणि गुरुत्वही सारखंच. पण जास्त वेग खांबाच्या टोकाचा असतो, आणि तोही बऱ्यापैकी जास्त.

हिशेब दोन ओळींचा आहे. खांब सर्वत्र सारख्या जाडीचा धरला तर त्याचा गुरुत्वमध्य ५ मीटरवर असतो, म्हणून सुटणारी स्थितिज ऊर्जा वस्तुमान × जी (गुरुत्व त्वरण, ९.८१ मी/से²) × लांबी ÷ २. बुंध्याभोवतीचं जडत्व आघूर्ण (फिरायला होणारा विरोध) वस्तुमान × लांबीचा वर्ग ÷ ३. दोन्ही जुळवले की टोकाचा वेग √(३ × जी × लांबी) येतो. दगडाचा वेग √(२ × जी × लांबी). आकडे घालून टोक १७.२ मी/से, म्हणजे ताशी ६२ किमी, आणि दगड १४ मी/से, म्हणजे ताशी ५०.

फुकट मात्र काही मिळालेलं नाही. खांबाचा मध्यबिंदू ८.६ मी/से वेगाने जमिनीवर येतो. तोच बिंदू ५ मीटरवरून मोकळा पडला असता तर ९.९ ने आला असता. म्हणजे खालचा अर्धा भाग मोकळ्या पतनापेक्षा हळू येतो आणि त्याच्या वाट्याची ऊर्जा वरच्या टोकाला जाते.

वेळेचा प्रकार याच्या उलट आहे. दगडाला १.४३ सेकंद लागतात. खांब किती वेळ घेईल ते सुरुवातीच्या कलावर ठरतं: ५ अंश कललेला असताना सोडला तर ३ सेकंद, १ अंशावर ४.३, आणि ०.१ अंशावर ६.२. सुरुवातीला कल घातांकी वाढतो, १० मीटरच्या खांबात दर ०.८२ सेकंदाला साधारण २.७ पट. म्हणूनच उभी वस्तू 'अजून पडत नाहीये' असं वाटत राहतं. १ अंशापासून ४५ अंशांपर्यंत यायला ३.७ सेकंद जातात आणि उरलेले ४५ अंश ०.६ सेकंदात संपतात. खाली उभ्या माणसाची फसगत इथेच होते.

झाडं, चिमण्या, कपाटं, ज्याला जे ठाऊक आहे ते आकड्यांसकट लिहा.

चौकस_चिंच

वेगाचं पटलं. पण टोकाचं त्वरण जी पेक्षा जास्त कसं? प्रत्येक कणाला गुरुत्व जी नेच ओढतं ना? शिवाय हे नेमकं कोणत्या कोनापासून होतं? मी ३५ अंशही वाचलंय आणि ३६ अंशही, एक जमिनीशी आणि एक उभ्या रेषेशी.

लंबक

प्रत्येक कणाला गुरुत्व जी नेच ओढतं, बरोबर. पण कण सुटे नाहीत. खालचे कण गोलाईने बांधलेले असल्यामुळे ते जी पेक्षा हळू येतात आणि काठीच्या ताठपणामुळे वरच्यांना पुढे ढकलतात. जादाचं त्वरण त्या अंतर्गत बलाचं.

तुम्ही वाचलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. काठी एखाद्या कोनात टेकून ठेवली आणि *स्थिर अवस्थेतून* सोडली, तर टोकाचं खालच्या दिशेचं त्वरण १.५ × जी × (उभ्याशी कोनाच्या साइनचा वर्ग) इतकं येतं. ते जी च्या वर जायला कोन उभ्याशी ५४.७ अंश हवा, म्हणजे जमिनीशी ३५.३. काठी *उभ्यापासून* पडत आली असेल तर तिला आधीच फिरण्याचा वेग असतो आणि त्याच्या अभिकेंद्री (केंद्राकडच्या) त्वरणाचा खालच्या दिशेचा घटकही मिळवावा लागतो. मग ही सीमा उभ्याशी ३६.४ अंशांवरच येते.

घरी करून बघायचं तर पहिला प्रकार सोपा. १ मीटर लांब, ३००-एक ग्रॅमची लाकडी पट्टी घ्या आणि तिचं एक टोक दाराच्या बिजागरीने खालच्या फळीला जोडा. दुसऱ्या टोकावर बाटलीचं झाकण थोडं तिरकं चिकटवा, म्हणजे पट्टी उचलल्यावर त्यातली गोटी गडगडणार नाही. पट्टी जमिनीशी ३० अंशांवर टेकूने उभी करा. गोटी सरळ खाली पडते, म्हणून कागदी कप पट्टीवर बिजागरीपासून ८६.६ सेंमीवर (१ मीटर × कोसाइन ३०) लावा. टेकू झटकन आडवा ओढा. गोटी झाकणात राहण्याऐवजी कपात सापडते. पट्टीला ०.२८ सेकंद लागतात आणि ५० सेंमीवरच्या गोटीला ०.३२. पट्टी आडवी होते तेव्हा गोटी अजून ११ सेंमी वर असते.

फसतं कुठे? टेकू खालच्या दिशेने ओढला तर पट्टीला घर्षणाचा झटका बसतो. बिजागरी गंजलेली असली तर तेवढे ४ शतांश सेकंद तिथेच जातात. सगळ्यात हमखास चूक म्हणजे कपाऐवजी १५० ग्रॅमचा स्टीलचा पेला लावणे. बिजागरीपासून दोन-तृतीयांश लांबीच्या पलीकडे लावलेलं कोणतंही वजन पट्टीला मंदावतं. पेल्याने वेळ ०.३० वर जाते आणि गोटी जेमतेम ५-६ सेंमी वर उरते. पेला १० सेंमी उंच असेल तर गोटी काठावरच आपटते. नेमकं दोन-तृतीयांशावर वजन लावलं तर काहीच फरक पडत नाही, आणि त्याच्या अलीकडे लावलं तर पट्टी उलट जलद येते. पट्टी हलकी वाटत असेल तर वजन बिजागरीपासून ३०-४० सेंमीवर बांधा.

ढोलताशा_नको

म्हणजे टोकाला वजन असेल तर वस्तू सावकाश पडते? मिरवणुकीत उंच ध्वज तळहातावर तोलतात ते यामुळेच जमतं का?

लंबक

हो. १८ सेंमीच्या पेन्सिलीचा कल दर ०.११ सेकंदाला २.७ पट होतो. माणसाची प्रतिक्रिया ०.२ सेकंदाच्या आसपास, त्यामुळे पेन्सिल बोटावर तोलता येत नाही. १ मीटरच्या काठीला तोच काळ ०.२६, आणि वजन सगळं टोकाला असेल तर ०.३२. लांबी चौपट केली की काळ दुप्पट. झाडू तोलायचा तर जड बाजू वर ठेवा.

गिरणगाव_७२

चिमणीबद्दल. जुन्या गिरण्यांच्या विटांच्या चिमण्या बुंध्याशी कापून पाडल्या की बऱ्याचदा हवेतच दोन तुकडे होतात. चित्रफितीत वरचा भाग *मागे* राहिलेला दिसतो, म्हणजे पडण्याच्या दिशेकडची बाजू फुगीर. आमच्या बांधकामवाल्या मंडळींत याचं स्पष्टीकरण 'वारा अडवतो' असं ऐकू येतं. ते चूक. शेकडो टन विटांना त्या वेगात हवा काय अडवणार!

कारण वर आलेलंच आहे. वरच्या भागाला त्याच्या मोकळ्या चालीपेक्षा जलद फिरायला लावायचं काम खालच्या भागाला करावं लागतं, आणि ते काम मोडणाऱ्या आघूर्णातून (वाकवू पाहणाऱ्या बलातून) होतं. एकसारख्या जाडीच्या चिमणीत हे आघूर्ण बुंध्यापासून एक-तृतीयांश उंचीवर सर्वाधिक असतं: वजन × उंची × साइन(कल) ÷ २७. ओढ बसते ती पडणाऱ्या बाजूला, म्हणून तडाही तिथून उघडतो.

एक नमुना हिशेब देतो. उंची ३० मीटर, बाहेरचा व्यास २.५, आतला १.९, विटकामाची घनता १९०० किलो प्रति घनमीटर. वस्तुमान जवळपास ११८ टन. कल २० अंशांवर आला की एक-तृतीयांश उंचीवरच्या छेदात वाकण्यामुळे येणारी ओढ ०.४३ मेगापास्कल. त्याच छेदावर वरच्या भागाच्या वजनाचा दाब ०.३१ (फिरण्यामुळे कमी होणारा वाटा वजा करून). निव्वळ ओढ ०.१२ उरली. जुन्या चुन्याच्या सांध्याला एवढी ओढसुद्धा झेपत नाही. १५ अंशांवर ओढ आणि दाब जवळपास सारखे असतात, म्हणून त्याआधी चिमणी अखंड दिसते.

ओळंबा

मग प्रत्यक्षात पुष्कळ चिमण्या निम्म्याच्या आसपास मोडलेल्या दिसतात, ते का?

गिरणगाव_७२

आघूर्ण एक-तृतीयांशावर कमाल असलं तरी दाब वर जाताना कमी होत जातो. निव्वळ ओढीची कमाल त्यामुळे वर सरकते. त्यात चिमण्या वर निमुळत्या आणि भिंत पातळ. एक-तृतीयांश ते निम्मे हा पट्टा धरून चालावं. दुसरा मोडण्याचा प्रकार बुंध्याजवळचा: तिथे कातर बल (थर एकमेकांवरून सरकवणारं बल) सर्वाधिक असतं, वजनाच्या पाव पट गुणिले साइन. कापलेल्या बुंध्याच्या वरचे थर घसरून निघतात ते यामुळे.

खेळण्यातल्या ठोकळ्यांचा मनोरा आडवा होताना मोडतो, पण त्याच आकाराची अखंड काठी मोडत नाही, यावर शंका येणारच, म्हणून आधीच लिहितो. सुट्या ठोकळ्यांना ओढ सोसायची ताकदच नसते. अखंड वस्तूत स्वतःच्या वजनाचा ताण आकाराच्या प्रमाणात वाढतो. माप १० पट केलं की ताण १० पट, ताकद मात्र तेवढीच.

शिवण_साग

झाडांच्या बाजूने लिहितो. वरचं सगळं गणित 'बुंधा जागेवर राहतो' यावर उभं आहे. झाडात ते काम न कापलेल्या लाकडाची पट्टी करते, तीच बिजागरी. पडण्याच्या बाजूला खाच घ्यायची ती व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाड पट्टी सोडायची. ४० सेंमीच्या बुंध्याला ४ सेंमी.

खाचेचं तोंड किती उघडं ठेवायचं याकडे लोक दुर्लक्ष करतात. खाच ४५ अंशांची घेतली तर झाड ४५ अंश कललं की खाच मिटते आणि बिजागरी तुटते. पुढचा ०.६ सेकंदाचा सर्वांत जोरकस भाग झाड मोकाट पडतं. ७० ते ९० अंश उघडी खाच असली की बिजागरी जवळजवळ जमिनीपर्यंत टिकते आणि दिशा हातात राहते.

बिजागरी लवकर तुटली तर बुंधा कुठे जाईल हेही गणितात आहे. सुरुवातीच्या टप्प्यात बुंधा *मागे* सरकू पाहतो. म्हणून झाडाच्या थेट मागे उभं राहायचं नाही. पळायची वाट मागे पण तिरकी, ४५ अंशात, आणि ती आधी साफ करून ठेवायची. इतरांनी झाडाच्या उंचीच्या दुपटीबाहेर.

माडाला हे नियम जसेच्या तसे लावू नका. माडाचं खोड बाहेरून टणक, आतून भुसभुशीत, त्याला सागासारखी चिवट बिजागरी होत नाही. घराजवळचा माड वर चढून, झावळ्या उतरवून, दोर लावून तुकड्या-तुकड्यानेच काढावा. शेंड्याला जड बोंडका असल्याने तो एकसारख्या खांबापेक्षा थोडा सावकाश पडतो. १० मीटरच्या माडाचा शेंडा १४ आणि १७ मी/से यांच्या मधल्या वेगाने आपटेल.

चौकस_चिंच

'बुंधा मागे सरकतो' हे डोळ्यापुढे येत नाही. झाड पुढे पडतंय, तर बुंधा पुढे का नाही?

लंबक

गुरुत्वमध्य पुढे जाण्यासाठी कुणीतरी त्याला पुढे ढकलायला हवं. आडवं बल देऊ शकणारी एकच जागा आहे, जमीन. म्हणजे जमीन बुंध्याला पुढे ढकलते, कारण बुंधा मागे जाऊ पाहतो. बारीक काठी उभ्यापासून पडताना हे बल ४८.२ अंशांपर्यंत (कोसाइन = २/३) पुढे असतं. त्यानंतर दिशा उलटते.

फरशीवर नुसती उभी केलेली काठी असेल तर घर्षण गुणांक ठरवतो. तो ०.३७ पेक्षा कमी असला तर काठीचं खालचं टोक ३५ अंशांच्या आत मागे घसरतं. जास्त असला तर तिथे टिकतं, पण ५१ अंशांनंतर कधीतरी पुढे घसरतं. घर्षण कितीही असो, ७०.५ अंशांवर जमिनीचा उभा दाब शून्य व्हायला लागतो, म्हणजे त्याआधी घसरणार हे नक्की. काचेवर आणि रबराच्या चटईवर एकच पेन्सिल पाडून बघा, टोक विरुद्ध दिशांना जातं.

यातली गंमत अशी की पूर्ण गुळगुळीत फरशीवर गुरुत्वमध्य सरळ उभ्या रेषेत खाली येतो, तरी आडवं होतानाचा वरच्या टोकाचा वेग तोच राहतो, √(३ × जी × लांबी). त्या क्षणी खालचं टोक फरशीवरच असल्याने त्याचा उभा वेग शून्य असतो, आणि ऊर्जेचं समीकरण पुन्हा तेच होतं.

दोन_खणी

विषय घरात आणतो. लोखंडी कपाट १.८ मीटर उंच, ४५ सेंमी खोल, ६० किलो, सामान सारखं भरलेलं. 'जड आहे, पडणार नाही' हे वाक्य प्रत्येक घरात असतं. किती अंशांवर कलंडेल ते वजनावर अजिबात ठरत नाही. अर्धी खोली भागिले गुरुत्वमध्याची उंची, २२.५ ÷ ९० = ०.२५, म्हणजे १४ अंश. वजनाने फक्त लागणारं बल वाढतं: दीड मीटरवर ओढलं तर ८८ न्यूटन, साधारण ९ किलोचा जोर. दार अडकलं म्हणून हिसका दिला की एवढा सहज लागतो. गुरुत्वमध्य कलंडण्याच्या बिंदूपर्यंत नेताना तो फक्त २.८ सेंमी वर उचलावा लागतो. ऊर्जा १६ जूल.

ड्रॉवरचं कपाट याहून वाईट. समजा एकूण ३५ किलो, गुरुत्वमध्य पुढच्या पायापासून २२ सेंमी मागे. धरून ठेवणारं आघूर्ण ७७० किलो-सेंमी. कपड्यांनी भरलेला एक ड्रॉवर ६ किलोचा, ३० सेंमी बाहेर ओढला की १८० गेले. तिन्ही ओढले तर ५४० गेले, उरले २३०. आता ३० सेंमी बाहेर आलेल्या ड्रॉवरच्या काठावर ८ किलोचा भार आला की कपाट पुढे. एकच ड्रॉवर उघडा असता तर २० किलो लागले असते. मूल पायऱ्यांसारखे ड्रॉवर उघडत चढतं, तेव्हा सगळ्यात वाईट स्थिती ते स्वतःच तयार करतं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये यासाठी 'स्टर्डी' नावाचा कायदा झाला. त्यात चाचणी भरलेल्या ड्रॉवरांसह, गालिच्यावर आणि ६० पौंडांपर्यंतच्या (२७ किलो) मुलाचा भार धरून करायची आहे. गालिचा का? मागचा पाय गालिच्याच्या कडेच्या पट्टीवर चढतो आणि कपाट आधीच पुढे झुकलेलं असतं.

कंपनमापी

भूकंपातही '०.२५' हाच आकडा चालेल असं समजून कुणी निष्कर्ष काढू नये. जमिनीचं त्वरण जी च्या पाव पट झालं की कपाटाची मागची कड उचलली जाते, पडते असं नाही. पडायला ते त्वरण पुरेसा वेळ टिकावं लागतं. १९६० च्या चिलीतल्या भूकंपात बारीक खांबावरच्या पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या आणि दिसायला भक्कम बांधकामांचं नुकसान झालं. त्यावरून भूकंप-अभियंते जॉर्ज हाउसनर यांनी १९६३ मध्ये डुलणाऱ्या ठोकळ्याचं गणित मांडलं. सार असं: उंची-खोलीचं प्रमाण तेच ठेवून माप वाढवलं तर ठोकळा पाडणं अवघड होतं.

वरच्याच कपाटाला पाडायला जमिनीचा एका झटक्यातला वेग ०.८५ मी/से लागतो. त्याच प्रमाणातल्या १८ सेंमीच्या खेळण्यातल्या कपाटाला ०.२७ पुरे, आणि १८ मीटरच्या मनोऱ्याला २.७. वेग मापाच्या वर्गमुळाने वाढतो. शिवाय डुलताना प्रत्येक वेळी तळ आपटला की ऊर्जा जाते. या प्रमाणाच्या कपाटात दर आपटीला १७ टक्के. बुटक्या ठोकळ्यात त्याहून जास्त, म्हणून तो दोन-तीन डोलात शांत होतो.

पाचर

बांधायचं कसं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून. भार फार नसतो. २० किलोचं मूल ३० सेंमी बाहेर लटकलं तर ५९ न्यूटन-मीटर. ८५ सेंमी उंचीवर पट्टी लावली तर कपाटाचं स्वतःचं वजन काहीच धरत नाही असं मानूनही ७० न्यूटन. हिसक्यासाठी चार-पाच पट धरा. विटेत नीट बसलेला एक स्क्रू हे आरामात घेतो. गडबड होते ती स्क्रू फक्त प्लास्टरमध्ये राहिल्याने. प्लास्टर १२-१५ मिमी सोडून विटेत ३५-४० मिमी जायला हवं. म्हणजे ८ मिमीची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) आणि ६० मिमीच्या आसपास लांबीचा स्क्रू, दोन ठिकाणी. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीत साधी गिट्टी गरागरा फिरते, त्या ब्लॉकसाठी मिळणारीच घ्या. कपाटाच्या बाजूने पट्टी मागच्या ३ मिमीच्या पातळ फळीला कधीही लावू नका, ती कागदासारखी फाटते. बाजूच्या जाड फळीला किंवा वरच्या आडव्या पट्टीला लावा. लोखंडी कपाटाला आतून रुंद वॉशर घालून ६ मिमीचा बोल्ट. स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून सेंटिमीटरभर सुटतं. ती फट लाकडी पट्टीने भरून घ्या, नाहीतर कपाटाला हलायला तेवढी मोकळीक राहते आणि स्क्रूला दरवेळी झटका बसतो.

चौकस_चिंच

भाड्याच्या घरात भोक पाडू देत नाहीत. पुढच्या पायांखाली पाचर घातली तर?

पाचर

४५ सेंमी खोलीच्या कपाटाला पुढून ८ मिमी उचललं की ते १ अंश मागे झुकतं. कलंडायचा कोन १४ चा १५ होतो, लागणारं बल ७ टक्क्यांनी वाढतं. दारं आपोआप उघडायची थांबतात, तो फायदा खरा. पण ड्रॉवरवर चढलेल्या मुलासाठी ७ टक्के काहीच नाहीत. जड सामान खालच्या खणात हलवलं तर त्याहून जास्त मिळतं: गुरुत्वमध्य ९० वरून ७० सेंमीवर आणला की कोन १७.८ अंश. मालकाला विचारून दोन भोकं पाडा, निघताना पुट्टीने बुजवून द्या.